सडवा ओतून मिथेनॉल आटत नाही

विषारी दारूने माणसे दगावली की चोवीस तासांच्या आत देशभरच्या बातम्यांत एक ठरावीक 'वैज्ञानिक खुलासा' अवतरतो. काळा गूळ, नवसागर, युरिया, कधी ऑक्सिटोसिनची इंजेक्शने, कधी जुन्या बॅटऱ्या अशी यादी दिली जाते. मग सांगितले जाते की मिश्रण जास्त दिवस आंबले किंवा तापमान चुकले, त्यामुळे इथेनॉलऐवजी मिथेनॉल तयार झाले आणि दारू 'विषारी बनली'. राज्य बदलते, भाषा बदलते, मृतांचा आकडा बदलतो. खुलासा तोच राहतो.

हा खुलासा चुकीचा आहे. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो खोडून काढता येईल. तरीही तो टिकून आहे, कारण तो अनेकांच्या सोयीचा आहे. दारू आपोआप विषारी बनत असेल, तर कोणी विष मिसळले, ते कोठून आणले आणि कोणाच्या गोदामातून बाहेर पडले, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. दोष एका सूक्ष्म जिवावर जातो. त्या जिवाला वकील नसतो आणि न्यायालयात त्याची उलटतपासणी होत नाही. म्हणून यीस्टची बाजू मांडणे आवश्यक ठरते.

यीस्टचे काम अत्यंत ठरीव आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. यीस्ट त्यातून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार करते. इथेनॉलच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे दोन अणू जातात आणि उरलेले दोन कार्बन वायुरूपाने निघून जातात. वजनाच्या हिशेबात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. साखरेपासून निघणाऱ्या या वाटेवर मिथेनॉलचा थांबाच नाही. तापमान चढले, दिवस वाढले, भांडे अस्वच्छ राहिले, तरी यीस्ट आपला मार्ग सोडून एका कार्बनचा अल्कोहोल घडवू लागत नाही.

मग नैसर्गिक पेयांत मिथेनॉलचा अंश सापडतो तो कोठून? तो पेक्टिनमधून येतो. फळांच्या पेशीभित्तिकांत पेक्टिन असते आणि त्याच्या साखळीला मिथाइल गट जोडलेले असतात. फळातील किंवा सूक्ष्मजीवांमधील एक विशिष्ट विकर हे गट तोडते आणि त्यातून अल्प मिथेनॉल सुटते. हे मिथेनॉल फळांच्या ताज्या रसातही असते. द्राक्षे, सफरचंद, काजूबोंडे यांच्या पेयांत म्हणूनच थोडे मिथेनॉल आढळते. तांदूळ आणि बार्ली यांत पेक्टिन फार कमी असते. गुळात तर ते जवळजवळ नसतेच. म्हणजे ज्या गुळाच्या दारूवर बातम्यांत बोट ठेवले जाते, तिच्या कच्च्या मालात मिथेनॉलचा स्रोतच नगण्य आहे.

आता थोडा हिशेब. मिथेनॉलची प्राणघातक मात्रा व्यक्तीगणिक बदलते. परंतु साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम शुद्ध मिथेनॉल प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. त्याहून कितीतरी कमी मात्रेतही दृष्टी जाऊ शकते. बिअरमध्ये मिथेनॉलचे प्रमाण दर लिटरला साधारण ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. ३० मिलिग्रॅम धरले तरी २४ ग्रॅमसाठी ८०० लिटर बिअर प्यावी लागेल. लाल वाइनसाठी आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने घातलेली कमाल मर्यादा दर लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. ती पूर्ण गाठली गेली असे मानले तरी ६० लिटर वाइन लागेल. इतकी वाइन पोटात जाण्याच्या कितीतरी आधी त्यातील इथेनॉलनेच माणूस संपलेला असेल.

येथे ठेवणीतला आक्षेप पुढे येतो: बिअर आणि वाइन ठीक, पण हातभट्टीत तर ऊर्ध्वपातन होते, त्यात मिथेनॉल एकवटते. हा आक्षेप अर्धवट भौतिकशास्त्रावर उभा आहे. ऊर्ध्वपातनाने नवे मिथेनॉल जन्माला येत नाही. मूळ आंबवणात जेवढे असते, तेवढेच पुढे जाते, आणि त्याच्यासोबत इथेनॉलही एकवटते. १२ टक्के इथेनॉल असलेल्या वरच्या वाइनचे ऊर्ध्वपातन करून ते ४८ टक्क्यांवर नेले, तर मिथेनॉलही चौपट होऊन दर लिटरला साधारण १.६ ग्रॅम होईल. त्यातून २४ ग्रॅम मिळवायला अशी कडक दारू १५ लिटर लागेल. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला आणि इथेनॉल ७८ अंशांच्या थोडे वर उकळते, म्हणून 'पहिली धार' म्हणजे निव्वळ मिथेनॉल, ही समजूतही खरी नाही. पाण्याच्या मोठ्या साठ्यात मिसळलेले हे दोन्ही द्रव शुद्ध अवस्थेतील उत्कलनबिंदूंप्रमाणे शिस्तीत एकापाठोपाठ बाहेर पडत नाहीत. पाण्याशी जुळणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे मिथेनॉल संपूर्ण धारेत थोडे थोडे येत राहते. पहिली धार टाकून दिल्याने उग्र वासाची काही द्रव्ये कमी होतात. तेवढाच तिचा उपयोग.

याच्याशेजारी एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवून पाहावी. तीत २०० मिलिलिटर द्रव आहे आणि कोणीतरी त्यात ३० टक्के मिथेनॉल मिसळले आहे, असे समजू. एका पिशवीत ६० मिलिलिटर मिथेनॉल झाले, म्हणजे दोन माणसांचे मरण. एकीकडे १५ लिटर कडक दारू, दुसरीकडे अर्धी पिशवी. हे अंतर आंबवण्यातील चुकीने कापले जात नाही. ते कापायला ड्रम लागतो, आणि तो ड्रम कारखान्यातून येतो.

यादीतील उरलेल्या वस्तूंचेही पाहू. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला वाढण्यासाठी नायट्रोजन लागतो; गुळाच्या पाण्यात तो अपुरा असतो आणि नवसागरातून मिळतो. जगभरचे घरगुती मद्यकर्ते याच कारणासाठी डायअमोनियम फॉस्फेटची चिमूट वापरतात. युरियाही नायट्रोजनचाच स्रोत आहे. तो घालणे अयोग्यच, कारण त्यातून एथिल कार्बामेट हे आरोग्याला घातक द्रव्य तयार होऊ शकते. परंतु एथिल कार्बामेट एका रात्रीत पन्नास माणसांना आंधळे करत नाही. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक आहे. त्याने यीस्टच्या रसायनात मिथेनॉलचा कारखाना उघडत नाही. बॅटरीतील शिसे आणि आम्ल विषारीच आहेत, पण शिशाची विषबाधा वेगळी आणि मिथेनॉलची वेगळी. एवढ्या गोष्टी एका वाक्यात कोंबणाऱ्या खुलाशाला विज्ञान म्हणता येत नाही.

आंबवण्यात चुका होत नाहीत असे नाही. त्या होतात आणि त्यांचे स्वरूप उत्तम प्रकारे ज्ञात आहे. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांना सुखाने काम करते. भारतीय उन्हाळ्यात पिंप ३५ अंशांवर गेले तर ते जड अल्कोहोल आणि उग्र गंधाची एस्टरे अधिक प्रमाणात सोडते; चव द्रावकासारखी लागते. यीस्ट कमी पडले किंवा सुरुवातीला प्राणवायू अपुरा मिळाला तर आंबवण मध्येच अडकते आणि गोडवा उरतो. काम पूर्ण होण्याआधी यीस्ट काढून घेतले तर डायॲसिटिलमुळे लोण्याचा, ॲसिटाल्डिहाइडमुळे कच्च्या सफरचंदाचा वास राहतो. लॅक्टिक जिवाणू शिरले तर आंबटपणा वाढतो. हवा लागली आणि ॲसिटोबॅक्टर शिरले तर व्हिनेगर होते. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली तर वायूच्या दाबाने ती फुटते. हा शेवटचा धोका खरा आहे आणि त्याने डोळा जाऊही शकतो, पण काचेच्या तुकड्याने. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांच्या एकत्रित परिणामामुळे नेहमीचे रोगजंतूही बिअरमध्ये तग धरत नाहीत. बिघडलेल्या बिअरची शिक्षा बहुतेक वेळा एवढीच असते की ती मोरीत ओतावी लागते. इडलीचे पीठ जास्त आंबले म्हणून त्यात सायनाइड तयार होते असे कोणी छापले, तर घराघरांत हसू होईल. दारूच्या बाबतीत तेच छापले जाते आणि कोणी हसत नाही.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९७८ मध्ये संघराज्याच्या पातळीवर घरगुती बिअरला मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. त्यानंतरच्या दशकांत असंख्य हौशी लोकांनी स्वयंपाकघरांत आणि गॅरेजांत, बऱ्या-वाईट स्वच्छतेत, चुकतमाकत बिअर आंबवली. तिच्यामुळे मिथेनॉल विषबाधेच्या साथी उसळल्या नाहीत. चेक प्रजासत्ताकात २०१२ मध्ये मिथेनॉलने अनेक बळी घेतले, तेव्हा तेथील सरकारने २० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या मद्यांची विक्री देशभर थांबवली. बिअर आणि वाइन चालू राहिल्या. विष भेसळीच्या साखळीत आहे, आंबवण्याच्या पिंपात नाही, हे त्या सरकारला ठाऊक होते.

परदेशात जाण्याचीही गरज नाही. हा देश स्वतः आंबवण्याच्या जिवंत परंपरांचा देश आहे. आसामातील मिसिंग आणि अरुणाचलातील आदी समाजांचा आपोंग, आहोमांचा साज, नागालँडचा झुथो, लडाख-सिक्कीमची छांग, झारखंड-ओडिशाची हंडिया ही सारी घरांत, बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी, पिढ्यानपिढ्या तयार होत आली आहेत. यांमागील सूक्ष्मजीवशास्त्र बिअरपेक्षा सोपे नाही, उलट अधिक गुंतागुंतीचे आहे. बिअरमध्ये मोड आलेल्या बार्लीतील विकरे स्टार्चची साखर करतात. तांदळाच्या या पेयांत ते काम बुरशी करते. तांदळाचे पीठ आणि वनस्पती यांच्या वाळवलेल्या वडीत बुरशी, यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू एकत्र नांदतात. सिक्कीममध्ये तिला मार्चा म्हणतात, मणिपुरात हमेई, दिमासा समाजात हुमाओ, झारखंडात रानू. जुन्या वडीचा चुरा नव्या वडीवर भुरभुरून वाण पुढे नेले जाते. प्रयोगशाळा नसलेल्या घरांनी चालवलेला हा संवर्धसंग्रहच म्हणायचा. दिमासांच्या जुडिमाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्येच मिळाले होते. तांदळाच्या या पेयांनी मिथेनॉलच्या सामूहिक विषबाधा घडवल्या असत्या, तर ईशान्य भारतातील गावेच्या गावे कधीच ओस पडली असती.

आता ज्या आसामात आपोंग आणि साज आहेत, त्याच आसामातील फेब्रुवारी २०१९ पाहावा. गोलाघाट आणि जोरहाट जिल्ह्यांत दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य चहामळ्यांतील मजूर होते. मारणारे पेय तांदळाच्या पिंपातले नव्हते, ती बेकायदा विकत मिळणारी कडक दारू होती. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले. तेथेही मिथेनॉलच होते आणि सत्र न्यायालयाला काही आरोपींना दोषी ठरवायला २०२४ उजाडले. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली. पोलीस तपासात पुढे आले की एका गोदामातून चोरलेले औद्योगिक मिथेनॉल पाणी घालून विकले गेले होते. तेथे गूळ नव्हता, नवसागर नव्हता, यीस्ट नव्हते. आंबवणे झालेच नव्हते. जून २०२४ मध्ये तमिळनाडूच्या कल्लकुरिचीत साठहून अधिक बळी गेले, पुन्हा मिथेनॉल. मे २०२५ मध्ये पंजाबच्या मजिठ्यात वीसहून अधिक माणसे मेली, आणि तेथे तपासात मिथेनॉलची खरेदी ऑनलाइन झाल्याचे पुढे आले.

दारूबंदी असलेले गुजरात, दारूबंदी नसलेले पंजाब, सरकारी दुकानांतून दारू विकणारे तमिळनाडू: धोरणे तीन, विष एक. तरीही प्रत्येक दुर्घटनेनंतर कारवाई कशावर होते? गावोगावच्या पिंपांवर. महाराष्ट्रातील पोलीस-पत्रकांत 'इतके लिटर रसायन नष्ट' किंवा 'इतका सडवा ओतून दिला' असे छापून येते. उत्तरेकडे त्यालाच लाहन म्हणतात. 'रसायन' हा शब्दच फसवा आहे. ते आंबत असलेले गुळाचे पाणी असते, पण वाचणाऱ्याला वाटते की घातक केमिकल पकडले. छायाचित्रात फेसाळ तपकिरी पाणी नाल्यात वाहते, बाजूला कर्मचारी उभे असतात, आकडा मोठा असतो. खरे विष त्या आकड्यात नसते. ते महामार्गावर, टँकरमध्ये, 'थिनर' नावाच्या चिठ्ठीखाली, एखाद्या बंद पडलेल्या गाळ्यात असते. सडव्याचे लिटर मोजणे सोपे आहे, मिथेनॉलचे लिटर मोजणे गैरसोयीचे आहे. यशाचे मोजमाप म्हणून सोपे ते निवडले गेले.

आणि हे मिथेनॉल अदृश्य आहे असेही नाही. भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आयात करतो. ते जहाजाने बंदरांवर उतरते, टाक्यांत साठते, टँकरने निघते, पावतीवर विकले जाते. रानात उगवणाऱ्या मोहफुलावर पाळत ठेवण्यापेक्षा बंदरावर उतरणाऱ्या द्रवाचा माग ठेवणे कितीतरी सोपे असले पाहिजे. कायद्याचे हत्यारही नवे घडवायचे नाही. विष अधिनियम १९१९ चा आहे आणि विषांच्या साठ्यावर व विक्रीवर नियम करण्याचा अधिकार तो राज्यांना देतो. ज्या वस्तूचा प्रत्येक लिटर कागदावर असायला हवा, ती वस्तू गोदामातून शेकडो लिटरांनी गळते, याचा अर्थ कागद खोटे आहेत किंवा कोणी वाचत नाही.

चुकीच्या खुलाशाची किंमत सर्वांत आधी रुग्णाला मोजावी लागते. मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. ते आम्ल पेशींच्या श्वसनाची शेवटची पायरी अडवते आणि दृक्-चेता सर्वांत आधी बळी पडते. या रूपांतराला वेळ लागतो. पिल्यानंतर बारा ते चोवीस तास माणूस बरा दिसू शकतो. सोबत इथेनॉल प्यायले असेल तर हा काळ आणखी लांबतो. मग डोकेदुखी, उलट्या, पोटात कळा, धाप आणि डोळ्यांसमोर धुके किंवा बर्फ पडल्यासारखे पांढुरके दृश्य. हाच बारा-चोवीस तासांचा काळ जीव वाचवण्याचा असतो. फोमेपिझोल हे औषध त्या रूपांतराचे विकर अडवते. २०१३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते नसेल तर रुग्णालयात मोजून दिलेले इथेनॉलही तेच काम करते, कारण ते विकर मिथेनॉलपेक्षा इथेनॉलला कितीतरी अधिक पसंती देते. सोबत बायकार्बोनेट आणि डायलिसिस. उपचार ज्ञात आहेत. मात्र रुग्ण वेळेवर यायला हवा.

तो येत नाही. 'दारू बिघडली होती' एवढेच त्याने ऐकलेले असते. बिघडलेल्या अन्नाने होते तशी उलटी-जुलाबाची तक्रार समजून तो घरी पडून राहतो, लिंबूपाणी घेतो, उतरेल म्हणून झोपतो. दारूबंदीच्या राज्यांत पोलिसांची भीती असते, म्हणून घरचेही तोंड उघडत नाहीत. मग दुसऱ्या रात्री तो आंधळा होऊन येतो किंवा येतच नाही. बातमीत पहिल्या तासापासून 'मिथेनॉलची विषबाधा' असे शब्द असते, 'ज्यांनी ती दारू प्यायली त्यांनी त्रास नसला तरी आत्ताच रुग्णालयात जावे' हे वाक्य असते, तर काही जीव वाचले असते. चुकीचे विज्ञान छापल्याने माणसे मरतात, याचे याहून थेट उदाहरण शोधावे लागू नये.

एक गंभीर प्रतिवाद येथे ऐकून घ्यायला हवा. दारू कोणतीही असो, ती घातकच. मग यीस्टची वकिली कशाला? गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील स्त्रियांचा खराखुरा लढा आहे. अल्कोहोल कर्ककारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. हे सारे मान्य. परंतु दारूने संसार बुडतो, हे खरे कारण पुरेसे समर्थ आहे. त्याला खोट्या रसायनाचा आधार देण्याची गरज नाही. उलट त्या आधाराने लढा कमकुवत होतो. वर्षानुवर्षे होणारी हानी आणि एका रात्रीत झालेला सामूहिक खून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला पहिलीच्या चादरीखाली झाकले की खुनी सुटतो आणि मेलेला माणूस व्यसनी म्हणून दोषी ठरतो.

दुसरा प्रतिवाद असा की बेकायदा भट्ट्या गलिच्छ असतात, त्यांना निर्दोष कसे म्हणावे? कोणी म्हणत नाही. गंजलेले पिंप, शिशाची झाळ असलेल्या नळ्या, वर घातलेल्या झोपेच्या गोळ्या, हे सारे आरोग्याला घातक आहे आणि त्यावर कारवाई व्हावीच. येथे मुद्दा मृत्यूचे कारण अचूक सांगण्याचा आहे. पुलाचा खांब निकृष्ट सिमेंटने कोसळला असेल, तर अहवालात 'नदीला पाणी होते' असे लिहून चालत नाही. नदीला पाणी असतेच.

काही राज्यांच्या अबकारी कायद्यांत आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरते पारंपरिक पेय बनवण्याची सूट आहे. दुर्घटनेनंतर उसळणाऱ्या धाडींत ही सूट अनेकदा कागदावर राहते. हंडियाचे मडके आणि मिथेनॉलचा ड्रम यांतील फरक धाड टाकणाऱ्याला शिकवलेला नसतो, बातमी लिहिणाऱ्याला ठाऊक नसतो आणि सांगू शकणारे वैज्ञानिक गप्प असतात. बाजारात हंडिया विकून घर चालवणाऱ्या बाईचे मडके फुटते. ड्रमच्या मालकाचे नाव वर्षानुवर्षे खटल्याच्या तारखांत हरवते.

वैज्ञानिकांच्या मौनाबद्दलही बोलले पाहिजे. या देशात यीस्टचे ज्ञान कमी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला सूक्ष्मजीव संवर्धांचा मोठा संग्रह आहे. ईशान्येतील वड्यांमधील सूक्ष्मजीवांवर दर्जेदार संशोधन झाले आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, १९२८ च्या रामन परिणामाच्या स्मरणार्थ, राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्याच परिणामावर चालणारी हाती धरण्याजोगी उपकरणे आज मिथेनॉल आणि इथेनॉल काही क्षणांत वेगळे ओळखतात, अनेकदा बाटलीचे झाकण न उघडता. मिथेनॉलमधील कार्बन-ऑक्सिजन बंधाची ठळक रेषा १०३० च्या आसपास, इथेनॉलची ठळक रेषा ८८० च्या आसपास दिसते; दोघांची गल्लत होण्याचे कारण नाही. रामन यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या देशात अबकारी निरीक्षकाकडे रामन उपकरण नसावे आणि जिभेला कडू लागते की नाही यावर दारूची पारख व्हावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. जीभ आणि नाक मिथेनॉल ओळखू शकत नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात.

पहिली: बंदरापासून शेवटच्या ग्राहकापर्यंत मिथेनॉलच्या प्रत्येक लिटरचा एकच राष्ट्रीय हिशेब ठेवावा. टँकरचा माग ठेवावा, साठ्याची आकस्मिक तपासणी व्हावी, तूट आढळली तर साठाधारकावर फौजदारी जबाबदारी यावी. ऑनलाइन विक्रीत ग्राहकाची ओळख आणि वापराचे कारण यांची पडताळणी सक्तीची व्हावी. ज्या वापरांत बाधा येत नाही, तेथे मिथेनॉलमध्ये रंग आणि असह्य कडवटपणा आणणारे द्रव्य घालणे बंधनकारक करावे.

दुसरी: प्रत्येक दुर्घटनेचा न्यायवैद्यक अहवाल, मिथेनॉलच्या प्रमाणासह, ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा. तो गुप्त राहतो म्हणूनच अफवा विज्ञानाची जागा घेते.

तिसरी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मिथेनॉल विषबाधेची उपचारपद्धती भिंतीवर लावलेली, औषध कपाटात ठेवलेले आणि डायलिसिसची सोय ठरलेली असावी. उपचाराला आलेल्या कोणावरही दारू प्यायल्याचा गुन्हा दाखल होणार नाही, अशी लेखी हमी असावी.

चौथी: पोलीस-पत्रकांतून 'रसायन' हा शब्द हद्दपार व्हावा. गुळाचे आंबवण म्हणजे गुळाचे आंबवण, मिथेनॉल म्हणजे मिथेनॉल. जप्तीचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत यावेत. मिथेनॉलच्या रकान्यात वर्षभर शून्य दिसले, तर त्या शून्याचा जाब अधिकाऱ्यांना विचारला जावा.

पाचवी: वृत्तमाध्यमांनी 'जास्त आंबल्याने दारू विषारी झाली' हे वाक्य छापण्याआधी एका रसायनतज्ज्ञाला दूरध्वनी करावा. आणि तो दूरध्वनी आल्यावर देशातील प्रयोगशाळांनी 'आमचा विषय नाही' असे म्हणू नये.

पुढची दुर्घटना घडेल तेव्हा पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला जावा: हे मिथेनॉल कोणाच्या साठ्यातून कमी झाले? त्याचे उत्तर देणारी वही आज देशात नाही. ती वही उघडली जाईपर्यंत कितीही सडवा नाल्यात ओतला, तरी ड्रम भरलेलेच राहतील.